यादी मुलाची, हिशेब घराचा

बारावीचे निकाल लागून महिना-दीड महिना उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘कोणती शाखा घ्यावी’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मिळालेल्या दोन-तीन जागांपैकी कोणती धरावी, कोणती सोडावी’ हा प्रश्न पुढे येतो. ही पत्रे लिहिणारे बहुतेक आई-वडील असतात, मुले क्वचितच. या वेळी पाच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाला जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या संयुक्त प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत गोव्यातील कुंकळ्ळीच्या एनआयटीमध्ये (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली आहे. पसंतीची यादी माझ्या यजमानांनी स्वतः बसून भरली होती. तीत सर्वांत वर सुरतकलच्या एनआयटीतील खाण अभियांत्रिकी आहे, त्याखाली कुंकळ्ळीचीच संगणक शाखा, मग ईशान्येकडच्या एका एनआयटीतील संगणक शाखा आणि त्यानंतर आता मिळालेली जागा. फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड यांपैकी एक पर्याय उद्या संध्याकाळपर्यंत निवडायचा आहे. हे म्हणतात, ‘फ्लोट कर, वर सरकलास तर चांगलेच आहे.’ मुलगा काहीच बोलत नाही. मला तर त्या तीन शब्दांचा फरकही नीट कळलेला नाही. – एक आई, डिचोली

उत्तर : हे पत्र ईमेलने आले तेव्हा मुदतीला एकच दिवस उरला होता, त्यामुळे या ताईंना त्याच दुपारी फोनवर उत्तर दिले. त्यांच्या घरी पुढे काय ठरले, हे मी विचारलेले नाही. गोंधळ मात्र अनेक घरांत हाच असल्याने ते उत्तर येथे सविस्तर देत आहे.

आधी शब्दांचे अर्थ पाहू. फ्रीझ म्हणजे मिळालेली जागा मान्य आहे आणि पुढच्या फेऱ्यांत दुसरे काहीही नको. स्लाइड म्हणजे जागा मान्य आहे, परंतु याच संस्थेत, यादीत हिच्या वर लिहिलेली शाखा मिळाली तर ती हवी. फ्लोट म्हणजे जागा मान्य आहे, परंतु यादीत वर लिहिलेले काहीही, कोणत्याही संस्थेतले, मिळाले तर ते हवे. तिन्ही पर्यायांत हातची जागा सुरक्षित असते, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही. वरची जागा मिळाली की खालची त्याच क्षणी दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाते आणि मागून ‘पहिलीच बरी होती’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

म्हणून फ्लोट करावे की नाही, हे फ्लोट या शब्दावर अवलंबून नसून तुमच्या यादीवर अवलंबून आहे. २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश एकाच संयुक्त प्रक्रियेतून होतात. त्यातील संगणक विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचत येतो आणि त्याच्या गुणानुक्रमात बसणारी पहिली जागा त्याला देतो. मोठी स्वप्ने वर लिहिल्याने खालच्या जागेचा हक्क जात नाही, त्यामुळे ‘मिळण्यासारखे तेच वर लिहा’ हा शेजारपाजारचा सल्ला चुकीचा आहे. याची उलट बाजू अशी की, जे वर लिहिले आहे ते खरोखरच अधिक हवे आहे असे यंत्र धरून चालते. मुलाने मनात काय ठरवले होते, किंवा ती ओळ वडिलांनी लिहिली होती, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही, आणि एकदा कुलूप लावलेली यादी पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही.

तेव्हा मुलाला एकच प्रश्न विचारा, आणि तो विचारताना त्याचे बाबा समोर असू द्या : ‘परवा सकाळी सुरतकलची खाण अभियांत्रिकी मिळाल्याचा निरोप आला, तर तू आनंदाने बॅग भरशील का?’ हो म्हणाला तर फ्लोट. तो गप्प राहिला, तर ते गप्प राहणेही उत्तरच समजावे. सुरतकलचे नाव मोठे आहे. १९६० साली सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाला आपल्या २०१० साली सुरू झालेल्या एनआयटीपेक्षा अर्धशतकाची आघाडी आहे आणि कोकण रेल्वेने ते दूरही नाही. पण चार वर्षांनंतर खाण अभियंत्याचे काम मुख्यतः झारखंड, छत्तीसगड, ओडिशाच्या खाणींवर असते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीच्या कितीतरी अंगणांत ट्रक उभे राहिले. त्या तालुक्यातल्या माणसाने खाणीकडे संस्थेच्या नावातून पाहावे, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. ज्या मुलाला ते काम मनापासून हवे आहे त्याच्यासाठी ते उत्तम आहे. तुमच्या पत्रात मात्र मुलाला काय हवे, याविषयी एकही वाक्य नाही.

फोनवर मुलगा शेवटी एवढेच म्हणाला की त्याला कुंकळ्ळीचीच संगणक शाखा मिळाली तर आवडेल, नाही तर विद्युतही चालेल. त्याचे हे म्हणणे खरे असेल तर त्याचा पर्याय स्लाइड आहे. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, या भरवशावर मात्र कोणतीही जागा धरू नये. ती संधी फार थोड्या जागांपुरती आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर अवलंबून असते.

याच विषयात आणखी एक गोष्ट, अकरावीत मुले असलेल्या वाचकांसाठी. एनआयटीमधील निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात आणि विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते त्याने बारावी जेथून उत्तीर्ण केली त्यावरून, जन्मावरून किंवा रेशन कार्डावरून नाही. मुलाला शिकवणीसाठी कोट्याला पाठवून बारावीही तेथूनच दिली, तर तो कुंकळ्ळीच्या एनआयटीसाठी राजस्थानचा विद्यार्थी होतो. दोडामार्गचा जो मुलगा रोज सीमा ओलांडून डिचोलीच्या उच्च माध्यमिकात येतो, तो मात्र गोव्याचा. आयआयटीमध्ये असा राज्यवार वाटा नसतो. हे दोन वर्षे आधी कळले तरच उपयोगाचे असते, आणि दरवर्षी काही घरांना ते जूनमध्ये कळते.

प्रश्न : माझ्या मुलीला अर्थशास्त्र घेऊन पदवी करायची आहे. तिने सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा दिली आहे आणि दिल्लीचे तिचे स्वप्न आहे. गोव्यातील एका चांगल्या महाविद्यालयात तिचे नाव लागले आहे. दरम्यान पुण्यातील एका खासगी विद्यापीठाने तिला प्रवेश देऊ केला असून पाच दिवसांत पूर्ण वर्षाचे शुल्क आणि मूळ प्रमाणपत्रे मागितली आहेत. ‘नंतर जागा राहणार नाही’ असे तेथील समुपदेशक दिवसातून दोनदा फोन करून सांगतात. पैसे भरून ठेवावेत का? शिवाय चार वर्षांचा तेथील खर्च कर्ज काढल्याशिवाय झेपणार नाही, हे मुलीला अजून सांगितलेले नाही. तिचा हिरमोड करू नये असे वाटते. – एक वडील, फोंडा

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटची दोन वाक्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, पण फोनवरची घाई आधी निपटवू.

दिवसातून दोनदा फोन करणाऱ्या त्या व्यक्तीला समुपदेशक म्हणत असले, तरी तिचे काम जागा भरण्याचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या अधिकृत शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळायला हवे. त्यातून प्रक्रियाखर्च म्हणून शुल्काच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. १५ पेक्षा कमी दिवस आधी रद्द केल्यास ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काही नाही. त्याच अधिसूचनेप्रमाणे संस्थेला मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे अडकवून ठेवता येत नाहीत. ती पडताळून लगेच परत द्यावी लागतात. अलीकडे आयोग त्या त्या वर्षासाठी वेगळे पत्रकही काढत आला आहे. २०२४-२५ साठी, उदाहरणार्थ, ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याची मुभा होती. यंदाचे पत्रक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि त्या विद्यापीठाला ईमेलने, फोनवर नव्हे, तीन प्रश्न विचारा : प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख कोणती, परताव्याचा नियम कोणता, आणि मूळ कागद किती दिवसांत परत मिळतील. लेखी उत्तर आले तर शुल्क भरण्याचा विचार करावा. जे विद्यापीठ लेखी उत्तर देत नाही, ते पैसे परत देताना तत्परता दाखवील असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही. पुढे अडचण आलीच, तर आयोगाच्या ई-समाधान या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

सीयूईटीच्या निकालाची वाट पाहताना कॅलेंडरवर फार विसंबू नका. २०२४ साली तो २८ जुलैला लागला आणि २०२५ साली ४ जुलैला. गोव्यातील महाविद्यालयात नाव लागले आहे, तर ती जागा शुल्क भरून पक्की करावी. तेथील शुल्क तुलनेने कमी असते आणि ती खरी सुरक्षित जागा आहे. २०२३-२४ पासून आपल्याकडेही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी सुरू झाली आहे आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची वाट तीत आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने येथे तीन वर्षे चांगली काढून पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्ली किंवा पुणे गाठणे हा काही हरल्याचा मार्ग नव्हे. मी उच्च माध्यमिकात गणित शिकवत असताना अशा वाटेने गेलेल्या मुली पाहिल्या आहेत, आणि त्यांचे पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या पहिल्या पदवीपेक्षा अधिक डोळसपणे निवडलेले होते.

आता हिरमोडाबद्दल. मुलीला आकडा न सांगणे ही माया आहे हे मी समजू शकते. पण तिला तो ऑगस्टमध्ये, मन तेथे रमल्यावर कळला, तर हिरमोड अधिक होईल. शिवाय आकडा माहीत नसताना तिने लावलेला पसंतीक्रम तिचाही उरत नाही, कारण त्यातील काही पर्याय घरात आधीच बाद झालेले आहेत आणि ते फक्त तिलाच ठाऊक नाही. तिला अर्थशास्त्र शिकायचे आहे. मग घरच्या अर्थशास्त्राने सुरुवात व्हायला काय हरकत आहे?

एक उदाहरण मांडून दाखवते. समजा, चार वर्षांत मिळून १० लाख रुपयांचे कर्ज लागणार आहे आणि बँक ते दर वर्षाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या हप्त्याने देते. व्याजदर १० टक्के धरू. शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष परतफेड सुरू होत नाही, पण व्याज मात्र चालू असते. सरळव्याजाने मोजले तरी पाचव्या वर्षाअखेर साडेतीन लाख रुपये व्याज साचते. परतफेड सुरू होते ती साडेतेरा लाखांची, आणि दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,८०० रुपये येतो. शिकत असतानाच व्याज भरत राहिले तर मुद्दल १० लाखच राहते आणि हप्ता सुमारे १३,२०० वर येतो. ही दोन गणिते मुलीला स्वतः करू द्या. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलीच्या पहिल्या पगारातून हा हप्ता वजा केल्यावर पुण्यात किंवा बंगळुरात भाडे देऊन किती उरते, हेही तिलाच शोधू द्या. त्यानंतरही तिला पुणे हवे असेल, तर ते डोळे उघडे ठेवून हवे असेल.

कर्जासाठी बँकेत जाण्याआधी विद्यालक्ष्मी पोर्टल पाहावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीन न मागता कर्ज मिळते, आणि वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुम्हाला बोलावणारे विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे पाहणेही उद्बोधक ठरेल. गोव्याच्या रहिवाशांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे; तिच्या अटी आणि यंदाची मर्यादा पर्वरीच्या कार्यालयात जाऊन विचारावी.

प्रश्न : माझ्या मुलीला इंग्लंडमधील दोन विद्यापीठांनी प्रवेश देऊ केला आहे. एकाने बारावीचे गुण पाहून बिनशर्त, तर दुसऱ्याने इंग्रजीच्या चाचणीत ठरावीक गुण मिळवण्याच्या अटीवर. तिला दुसरे अधिक आवडते. माझे सासरे १९६१ पूर्वी जन्मलेले असल्यामुळे दीर म्हणतात की पोर्तुगीज पासपोर्ट काढून घ्या, शुल्क कमी होईल आणि व्हिसाचीही कटकट नाही. आम्ही गोंधळलो आहोत. – एक आई, म्हापसा

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत, कारण पहिल्याला जूनची मुदत आहे आणि दुसऱ्याला कसलीही मुदत नाही.

यूकास या प्रवेशव्यवस्थेत विद्यार्थ्याला पाच पर्यायांपर्यंत अर्ज करता येतो आणि हाती आलेल्या प्रस्तावांपैकी एक ‘फर्म’, म्हणजे पहिली पसंती, आणि एक ‘इन्शुरन्स’, म्हणजे राखीव पसंती म्हणून ठेवता येतो. बिनशर्त प्रस्ताव फर्म केला की राखीव ठेवण्याची सोय उरत नाही, कारण प्रवेश पक्काच झालेला असतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत म्हणून क्रम अगदी सरळ आहे : अट असलेले आवडते विद्यापीठ फर्म, बिनशर्त दिलेले इन्शुरन्स. फक्त राखीव विद्यापीठ असे हवे की तेथे जावे लागले तर ती रडत जाणार नाही. इंग्रजीच्या चाचणीची तारीख आजच घ्या. विद्यापीठाची अंतिम मुदत आणि निकाल येण्याचे दिवस यांत अंतर ठेवा.

पासपोर्टच्या बाबतीत दिरांची माहिती जुनी झाली आहे. ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२ पासून, नव्याने येणाऱ्या युरोपीय नागरिकांना इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचेच शुल्क लागते आणि व्हिसाही घ्यावा लागतो. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तेथे राहायला आलेल्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे हक्क वेगळे आहेत. ते तुमच्या मुलीला लागू नाहीत. पोर्तुगालमध्ये किंवा अन्य युरोपीय देशांत शिकायचे असते तर हिशेब निराळा झाला असता. पण लिस्बनमध्ये पदवीचे बरेचसे शिक्षण पोर्तुगीज भाषेत होते आणि ती भाषा आता आपल्या घरांतून जवळजवळ गेली आहे.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. मुलीने पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारले तर तिचे भारतीय नागरिकत्व संपते आणि पुढे तिला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर राहावे लागते. ४ मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना नीट, जेईई यांसारख्या परीक्षांतून अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांवरच प्रवेश मिळतो. ज्यांनी त्या तारखेपूर्वी कार्ड घेतले होते त्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जुन्या नियमांचा लाभ कायम ठेवला, पण आता कार्ड घेणाऱ्याला तो नाही. घरात लहान भाऊ असेल आणि त्याला डॉक्टर व्हायचे असेल, तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा सर्वसाधारण दरवाजा त्यानेही तसा पासपोर्ट घेतल्यास त्याच्यासाठी बंद होईल. आजोबांचा जन्मदाखला पुढील दहा वर्षांतही तसाच राहणार आहे. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तिने स्वतः, वकिलाशी बोलून ठरवावी अशी ही गोष्ट आहे. विद्यापीठाच्या शुल्कासाठी घाईने करण्याची नाही.

खर्च मांडताना दोन ओळी विसरू नका. विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दाखवावा लागतो, आणि आरोग्य अधिभार म्हणून प्रत्येक वर्षासाठी ७७६ पौंड आगाऊ भरावे लागतात. शिक्षणानंतर तेथे राहून काम शोधण्याची मुदत पदवीधरांसाठी आजवर दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती १८ महिन्यांची असेल, आणि तुमच्या मुलीची पदवी त्यानंतरच पूर्ण होणार आहे. ‘तिथे नोकरी लागली की कर्ज फिटेल’ हे वाक्य घरात बोलले गेले असेल, तर या अठरा महिन्यांकडे पाहून ते पुन्हा तपासा.

प्रश्न : माझ्या मुलाला हवे ते मिळाले नाही. जे मिळाले आहे ते वाईट नाही. पण तो खोलीचे दार लावून बसतो आणि काहीही विचारले की ‘बघूया’ म्हणतो. पत्नी म्हणते बोलते करा, मी म्हणतो एकटे सोडा. – एक वडील, वाळपई

उत्तर : काही दिवस तुमचे खरे, काही दिवस पत्नीचे. निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याला समजावत बसू नये. त्याला जे गमावल्यासारखे वाटते आहे ते तुम्हाला वाईट वाटत नसले तरी त्याच्यापुरते ते खरे आहे. त्यानंतर मात्र समोरासमोर बसवून विचारणे टाळा. दाखल्याच्या कामासाठी मामलेदार कचेरीत किंवा पणजीला जायचे असेल तेव्हा त्याला सोबत घ्या. वाळपईहून पणजी हा बऱ्यापैकी लांबचा रस्ता आहे आणि दोघांचेही डोळे रस्त्यावर असले की मुलगे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

नातेवाइकांना काय सांगायचे ते त्याच्याशी आधी ठरवून घ्या. चवथीला घर भरेल तेव्हा गणपतीवरच्या माटोळीखाली उभे राहून प्रत्येक जण विचारणार आहे. ‘अमुक ठिकाणी अमुक शिकतो’ एवढे एकच वाक्य तुम्ही म्हणायचे, त्यापुढे ‘खरे तर त्याला...’ जोडायचे नाही. ते ‘खरे तर’ मुले फार वर्षे लक्षात ठेवतात.

तो जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे बोलत असेल, तर मात्र वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. त्यावर तुम्ही स्वतःही बोलू शकता.

प्रश्न : मला आल्तिनोच्या वास्तुकला महाविद्यालयात जागा मिळत आहे आणि बंगळुरातील एका खासगी संस्थेत डिझाइनसाठीही. बाबा म्हणतात, ‘तुला हवे ते कर, पैशांची काळजी करू नकोस.’ पण रात्री आई-बाबा हळू आवाजात बोलतात ते मला ऐकू येते. परवा आईच्या पाटल्यांचा विषय निघाला होता. मी काय ठरवू? – एक विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर : या वेळी आलेल्या पत्रांत मुलाने लिहिलेले हे एकच, म्हणून ते शेवटी ठेवले.

आधी दोन्ही वाटा वेगळ्या आहेत हे लक्षात घे. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते, आणि १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच वास्तुविशारद म्हणवून घेता येते. डिझाइनची पदवी सहसा चार वर्षांची. तिला असा परवाना लागत नाही, आणि काम मिळते ते जवळजवळ सर्वस्वी तू केलेल्या कामाच्या संग्रहावर. डिझाइन शिकून पुढे वास्तुविशारद होऊ, असे मनात असेल तर ते होत नाही. वास्तुकला शिकून डिझाइनकडे वळणारे मात्र पुष्कळ असतात. दोन्ही संस्थांतील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोल. पहिल्या वर्षाचे अजून भारावलेले असतात आणि शेवटच्या वर्षाचे नोकरीच्या चिंतेत.

पैशांबद्दल बाबांना तू विचारायला हवेस, आणि ‘परवडेल का’ असे न विचारता ‘किती’ असे विचारायला हवे. ‘परवडेल का’ला कोणताही बाप ‘हो’ म्हणेल. एका कागदावर दोन रकाने कर. एकात आल्तिनोची पाच वर्षे : सरकारी महाविद्यालयाचे शुल्क, पणजीत राहण्याचा खर्च, मॉडेलचे साहित्य, लॅपटॉप. काणकोणहून रोज ये-जा करून रात्री ड्रॉइंग पूर्ण करण्याचा विचार करू नकोस. राहण्याचा खर्च धरच. दुसऱ्यात बंगळुराची चार वर्षे : शुल्क आणि दरवर्षीची वाढ, वसतिगृह, जेवण, अनामत रक्कम, जाण्या-येण्याचे भाडे. संस्थेच्या पत्रकात नसलेले खर्च तिसऱ्या वर्षाच्या त्या विद्यार्थ्यांना विचारून घाल. हा कागद आधी तू भर आणि मग बाबांपुढे ठेव; तू तयारी करून आलीस हे पाहिल्यावर त्यांनाही खरे बोलणे सोपे जाईल. बँकेचे कर्ज आणि महामंडळाची बिनव्याजी योजना यांची वर दिलेली माहिती त्याच कागदाच्या मागे लिहून ठेव.

पाटल्यांचा विषय तू काढू नकोस. बेरीज समोर आली की आई स्वतःच तो काढील, आणि तेव्हा त्या बोलण्यात तूही असशील.